तात्यांची कीपची वही

आमच्या तात्यांना जाऊन येत्या डिसेंबरात बारा वर्षं होतील. रोजच्या वहीत त्यांच्याबद्दल मी पुष्कळदा एखादी ओळ लिहिली आहे, सलग असं कधी लिहिलं नाही. परवा चैतालीने, माझ्या मुलीने, कपाट आवरताना त्यांची जुनी वही काढली आणि विचारलं, "आई, सगळ्या वाक्यांपुढे लाल खूण आहे. या शेवटच्या एकालाच का नाही?" मी म्हटलं, थांब, दूध उतू जाईल. दूध तेव्हा गॅसवर नव्हतंच. म्हणून आज सकाळची वंदना झाल्यावर सगळं लिहायला बसले आहे.

तात्या म्हणजे माझे सासरे, तात्याराव ओव्हाळ. मूळचे लोणी काळभोरचे. त्यांचे वडील गावाचे वेसकर. रात्रंदिवस वेस राखायची, आणि गावात मात्र बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तात्या नऊ-दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर गवताचा भारा घेऊन पुण्याला कॅम्पात आले होते. तिथे एका साहेबाच्या बंगल्याच्या फाटकावर पाटी होती. तात्यांना इंग्रजी अक्षरं तेवढी ओळखू येत. त्यांनी जुळवून वाचलं, 'कीप आउट'. अर्थ विचारायला कोणी नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनी दुसऱ्या दिवशी लांबूनच सांगितलं, "म्हणजे आत यायचं नाही." तात्या म्हणायचे, "इंग्रजीतला पहिला शब्द शिकलो, तर तो आधीच पाठ होता."

पुढे ते मॅट्रिक झाले आणि खडकीच्या कारखान्यात लागले. नोकरीचं नाव, टाइमकीपर. भोंगा व्हायच्या आधी फाटकाशी टेबल टाकून बसायचं, माणूस आत आला की त्याच्या बिल्ल्याचा नंबर बघून मस्टरमध्ये लाल पेन्सिलीने खूण करायची. तात्यांना याची मोठी गंमत वाटे. ज्या शब्दाने लहानपणी फाटकाबाहेर ठेवलं, तोच शब्द आता पगार देऊन फाटकाशी बसवत होता. तेव्हापासून ते त्या एका शब्दाच्या मागे लागले. राखणं, पाळणं, ठेवणं, टिकणं, सांभाळणं, अडवणं. मराठीत जिथे दहा शब्द लागतात तिथे इंग्रज एकाच शब्दावर कसा भागवतो, हे त्यांना काही सुटेना.

कामात त्यांचा एक नियम होता. माणूस फाटकातून आत आल्याशिवाय त्याच्या नावापुढे खूण नाही. लांबून सायकल मारत येताना दिसतोय, हात हलवतोय, तरी नाही. हिंदुराव म्हणून त्यांचे सख्खे मेव्हणे त्याच कारखान्यात होते. एकदा ते फाटकासमोरच सायकलवरून पडले आणि बसल्या जागेवरून ओरडले, "दाजी, दिसतोय ना मी? करा की खूण." तात्या टेबलावरून म्हणाले, "दिसताय. आलेले नाही." हिंदुरावमामा लंगडत आत आले तेव्हा खूण झाली. पुढे वर्षभर ते बहिणीच्या घरी जेवले नाहीत. तात्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या दिवसापुढेही 'गैरहजर' असंच लिहिलेलं होतं म्हणे. सासूबाई असताना म्हणायच्या, "मांडवात उभे होते, पण त्यांच्या हिशेबी आलेच नव्हते."

मी या घरात आले शहाऐंशी साली. तात्या नुकतेच रिटायर झाले होते. मी इंग्रजीत मॅट्रिक नापास, ते लपवायचा प्रयत्न केला, पण आठवडाभरात त्यांनी ओळखलं. रागावले नाहीत. एक लांबट, कापडी बांधणीची वही काढली आणि म्हणाले, "सगळी इंग्रजी तुलाही येणार नाही आणि मलाही आली नाही. एक शब्द पुरा करू." वहीवर लिहिलं होतं, 'कीप'. डाव्या पानावर मराठी अर्थ, उजव्या पानावर वाक्य, तारीख आणि लाल खूण. आणि इथेही नियम कारखान्याचाच. डिक्शनरीतलं वाक्य उतरवायचं नाही. घरात, गल्लीत, आपल्या डोळ्यांसमोर घडेल तेव्हाच वाक्य लिहायचं. अर्थ सापडला तरी वाक्याची जागा कोरी ठेवायची, वर्षं गेली तरी.

बोपोडीतल्या आमच्या गल्लीने ती वही भरली. शेजारच्या वेणूबाईंनी कोंबड्या आणल्या, त्या दिवशी 'वेणूबाई कीप्स हेन्स', म्हणजे पाळते. मे महिन्यात मी दूध तापवायची विसरले, तेव्हा 'द मिल्क डिड नॉट कीप', म्हणजे टिकलं नाही. नासकं पातेलं माझ्या हातात आणि तात्या आनंदाने पेन्सिल शोधताहेत. 'संजय कीप्स ऑन लूझिंग हिज अम्ब्रेला' यावर माझे मिस्टर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग तात्यांनी 'कीप्स क्वाएट' चं पानही लगेच भरून टाकलं. ताटकळत ठेवणे, 'कीप वेटिंग', याला मात्र सात वर्षं लागली. टेलिफोनसाठी सत्त्याऐंशी साली नाव नोंदवलं होतं. चौऱ्याण्णव साली, सगळा देश खुला झाल्यावर, एकदाचा लाल रंगाचा फोन घरात आला. वाक्य लिहिलं गेलं, 'द टेलिफोन केप्ट अस वेटिंग फॉर सेव्हन इयर्स.' तात्या म्हणाले, "एवढ्या वेळात मी चालत जाऊन सगळ्यांशी बोलून आलो असतो."

पाळणे या अर्थाचं एक पान वेगळं होतं. शील पाळणे. आमच्या घरी रोज सकाळी त्रिशरण-पंचशील होतं, पौर्णिमेला मी उपोसथाचा उपास धरते. तरी तात्यांनी ते पान चार वर्षं कोरं ठेवलं. मी एकदा विचारलं, "यात काय बघायचं राहिलंय, तात्या?" म्हणाले, "म्हणणं ऐकू येतं. पाळणं बघावं लागतं." मग एका वैशाखी पौर्णिमेला, विहारातून आल्यावर, मला न सांगता त्यांनी लिहिलं, 'प्रेमला कीप्स द फाइव्ह प्रिसेप्ट्स.' पुढे लाल खूण. मला रात्री भांडी घासून झाल्यावर दिसलं. मॅट्रिक पास झाले असते तरी एवढं वाटलं नसतं.

आता अभय भावजींचं. संजयचे धाकटे भाऊ, तात्यांचा सगळा जीव. कॉम्प्युटर शिकले आणि अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत अमेरिकेला निघाले. तेव्हा वायटूकेची धामधूम होती. पूर्वी लोकांनी कॉम्प्युटरमध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे घातलेले, त्यामुळे दोन हजार साल उजाडलं की मशिनींना वाटणार एकोणीसशे साल आलं. ते दुरुस्त करायला इथून पोरं चालली होती. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन आकडे वाचवायला गेले आणि माझा मुलगा खर्ची पडला."

निघताना भावजी तात्यांच्या पायाशी वाकले. तात्यांनी विचारलं, "परत कधी?"

"दोन वर्षं, तात्या. निन्याण्णव संपायच्या आत मी याच ओट्यावर बसलेला असेन. शब्द देतो."

"बघ हं. पान कोरं आहे."

ते पान म्हणजे 'कीप वन्स वर्ड', दिलेला शब्द पाळणे. वहीतलं शेवटचं कोरं पान तेच होतं. तात्यांनी त्या दिवशी तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात नुसतं 'अभय' लिहून ठेवलं.

निन्याण्णवच्या दिवाळीनंतर तात्यांचं हृदय दमलं. पायांवर सूज, चार पावलं चालले की धाप. दोनदा दवाखान्यात ठेवलं, दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी संजयला बाहेर बोलावून सांगितलं, घरी घेऊन जा, बरं वाटेल. तात्यांना न सांगता कळलं. त्यांनी खाट बाहेरच्या खोलीत, दारासमोर टाकायला लावली. सगळ्यांना एवढंच विचारायचे, "अभयचं काय?"

भावजींचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ते म्हणाले, "वहिनी, कोणालाच सोडत नाहीत. एकतीस तारखेला सगळे जागेवर पाहिजेत, असं लिहून घेतलंय. दोन तारखेचं तिकीट काढलंय. तोवर ते थांबतील ना?"

मी म्हटलं, "तुम्ही या."

तात्यांना संजयने सांगितलं, "चार तारखेला पोचतो तो." तात्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "निन्याण्णव संपायच्या आत म्हणाला होता." त्यानंतर तीन दिवस त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. खाणं जवळजवळ सोडलं. वही उशाशी होती, तीही उघडली नाही.

एकोणतीस तारीख, बुधवार. संजय कामावर, चैताली शाळेत. मी तात्यांना चमच्याने पेज भरवत होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत विचारलं, "आज तारीख किती?" मी सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे दोन दिवस." आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. मला ते बघवेना. आयुष्यभर माणसं फाटकातून यायची वाट बघितलेला माणूस, आणि ज्याच्यासाठी पान राखलं तोच तेवढा येत नाही.

मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "तात्या, तुम्हाला सांगायचं राहिलं. मघाशी फोन आला होता. अभय भावजी मुंबईत उतरलेत. टॅक्सीत बसलेत."

सकाळी त्याच खोलीत, बुद्धांच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावून मी म्हटलं होतं, मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. मेणबत्ती अजून पुरती जळली नव्हती.

तात्यांनी मान वळवली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वही आण."

मी वही उघडून त्यांच्या पुढ्यात धरली. "तू लिही." त्यांनी सांगितलं तसं मी शाईने लिहिलं, 'अभय केप्ट हिज वर्ड.' खाली तारीख. त्यांनी चष्मा मागितला, वाचलं. स्पेलिंग बघितलं. मी लाल पेन्सिल त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी ती धरली, टोक कागदापर्यंत नेलं, आणि उचलून पांघरुणावर ठेवली.

"फाटकातून आत येऊ दे," म्हणाले. "मग."

मला वाटलं होतं, ऐकून ते शांत होतील, डोळे मिटतील. झालं उलटंच. त्यांनी उशा मागे लावून घेतल्या आणि उठून बसले. धाप लागत होती तरी. स्वच्छ सदरा मागितला. म्हणाले, "शेंगोळी कर. तिकडे कोण करून घालणार त्याला." मी आत गेले आणि हुलग्याचं पीठ काढलं. मिरची, लसूण, मीठ घालून मळलं. एकेक शेंगोळी हातावर वळत होते आणि बाहेर रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला की तात्यांचा आवाज यायचा, "आला का गं?"

"नाही, तात्या. घाटात गर्दी असेल."

तेही खोटंच. पहिलं सांभाळायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं.

वेणूबाई अंडी द्यायला आल्या. तात्यांना सदरा घालून बसलेले बघून म्हणाल्या, "काय भाऊ, कुणाकडे कार्य आहे?" तात्या म्हणाले, "अभय येतोय." वेणूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्या शहाण्या बाई. अंडी ठेवून दाराशी बसून राहिल्या. मला वाटलं, आता सांगून टाकावं. दोनदा पिठाच्या हाताने दारापर्यंत गेले. तात्यांची नजर बघून परत आले.

तीन वाजता शेंगोळी झाली. तात्या म्हणाले, "झाकून ठेव. गरम राहील." साडेचारच्या सुमाराला चैताली शाळेतून आली. फाटकाची कडी वाजली. तात्या ताठ झाले, दाराकडे बघितलं. दप्तर घेतलेली नात आत आली. ते तिला "ये" म्हणाले, नीट, प्रेमाने म्हणाले. मग मागे टेकले. वेणूबाई उठेपर्यंत सगळं संपलं होतं. डोळे दाराकडेच होते, ते मी मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजयने अग्नी दिला. एक तारखेला गल्लीतले लोक दरवर्षीसारखे कोरेगावच्या स्तंभाला निघाले, आमच्या घरातून कोणी गेलं नाही. दोन तारखेच्या पेपरात आलं की नवीन साल लागलं आणि कॉम्प्युटरना फारसं काही झालं नाही. वेणूबाई पेपर घडी घालून म्हणाल्या, "एवढा घोर लावला जगाला, आणि भिंतीवरचं घड्याळसुद्धा बिघडलं नाही."

अभय भावजी चार तारखेला दुपारी आले. फाटकाशी टॅक्सी थांबली, मी दारात होते. ते आत आले आणि ओट्यावर बसले. बूटही काढले नाहीत. पाणी दिलं, प्यायले नाहीत. मग आत येऊन त्यांनी स्वतःच वही शोधली. लहानपणापासून त्या वहीबरोबर वाढलेले. सरळ शेवटच्या पानावर गेले.

"वहिनी, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"एकोणतीस तारखेला?"

"हो. मी त्यांना सांगितलं, तुम्ही मुंबईत उतरलात म्हणून."

भावजी बोट त्या वाक्याच्या पुढे, कोऱ्या जागेवर फिरवत राहिले. मग मागची पानं उलटली. कोंबड्या, दूध, छत्री, टेलिफोन. सगळीकडे लाल खूण.

"त्यांनी खूण नाही केली," म्हणाले.

"पेन्सिल हातात दिली होती. म्हणाले, आत येऊ दे."

"म्हणजे त्यांना कळलं होतं."

"मला माहीत नाही, भावजी." हे मात्र खरं होतं. अजूनही नाही माहीत. त्यांनी ओळखलं होतं आणि माझ्यासाठी सदरा घालून बसले, की खरंच वाट बघत होते. पहिलं असेल तर मी त्यांच्यापुढे उघडी पडले. दुसरं असेल तर त्याहून वाईट.

भावजींनी वहीजवळची पेन्सिल उचलून माझ्यापुढे धरली. "आता तर आलोय ना. कारखान्यात लेट मार्क तरी असायचा."

मी पेन्सिल घेतली नाही. ते काम माझं नव्हतं. भावजी ओट्यावर जाऊन बसले आणि तिथे, गल्लीतल्या सगळ्यांसमोर, रडले. तात्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी करून महिन्याच्या शेवटी परत गेले. आता वर्षाआड येतात. फोन करतात, मेल करतात, चैताली वाचून दाखवते. ओट्यावर मात्र त्यानंतर कधी बसले नाहीत.

त्यांच्या दुःखाचं ते बघतील. माझं वेगळं आहे. त्या माणसाला उरलेले चार तास भिंतीकडे बघत का होईना, पडून घालवता आले असते. त्यांना मी धाप लागलेल्या छातीने ताठ बसवून ठेवलं. मला वाटलं होतं दया करतेय. आणि वहीत एका पानावर माझ्या नावापुढे त्यांच्या हाताची लाल खूण आहे, शील पाळते म्हणून. दर सकाळी मुसावादाचं चौथं शील म्हणताना माझा आवाज बारीक होतो. चैतालीला वाटतं आईचा घसा बसतो, ती हळद-दूध आणून देते.

चैताली आता खराडीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. वेणूबाईंची सून त्याच इमारतीत हाउसकीपिंगला जाते. दोघी एकाच बसने निघतात आणि वेगवेगळ्या दारांनी आत शिरतात. तात्या असते तर तेही लिहिलं असतं. फाटकावर माणूस नाही, कार्ड दाखवलं की दार उघडतं, असं चैताली सांगते. म्हणजे टाइमकीपरही नाही.

माझ्या पानावरची खूण खोडून टाकावी असं मला किती वेळा वाटलं. पण मस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. तात्या सांगायचे, नोंद चुकली तर पुसायची नाही, जे घडलं ते त्याच्या जागी लिहायचं.

म्हणून आज लिहिलं. ताटकळत ठेवणे, या पानावर टेलिफोनच्या वाक्याखाली जागा होती. तिथे मी लिहिलं, 'प्रेमला केप्ट हिम वेटिंग', एकोणतीस डिसेंबर एकोणीसशे नव्याण्णव, दुपारी बारा ते साडेचार. स्पेलिंग दोनदा बघितलं. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, त्यामुळे पुढे लाल खूण मीच केली. शेवटचं पान तसंच आहे.

संध्याकाळी चैताली आली की वही तिच्यापुढे ठेवणार आहे, दोन्ही पानं उघडी करून. दुधाचं काही सांगणार नाही.